श्टोलनचं बाळंतं ओलं का होतं?

नाताळसाठी केलेल्या श्टोलनवर (सुकामेव्याचा जर्मन गोड पाव, पांढऱ्या साखरेत तो बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळ येशूसारखा दिसावा असा संकेत) पिठीसाखर चाळली, ती तासाभरात विरघळून चिकट झाली आणि 'बाळंत्यात गुंडाळलेला बाळ येशू' काही दिसेना, ही तुमची तक्रार फार ओळखीची आहे. मळणं, फुगवणं तुम्हाला येतंच, ते सोडतो.

चूक बहुधा एकच: ओव्हनमधून काढल्याकाढल्या पिठीसाखर. गरम पावातून वाफ निघत असते, बारीक साखर ती पिते आणि पाक होतो. एका बेकरी-क्लासच्या छापील कागदावरही (नाव घेत नाही) 'गरम असतानाच चाळा' असंच आहे. क्लासवाल्यांना विचारलं तर म्हणे, 'साखर कमी पडली.' वाढवली की पाक वाढतो, दुसरं काय!

गरम असताना लावायचं ते वितळलेलं बटर. सगळीकडून, तळालासुद्धा, 500 ग्रॅम मैद्याच्या श्टोलनला 100 ग्रॅम तरी. ते मुरलं की दुसरा हात, आणि लगेच बारीक दाणेदार साखरेत लोळवा. मग चार-पाच तास थांबा. हात लावल्यावर जराही कोमट लागता कामा नये. त्यानंतरच पिठीसाखर, खालचा पाव दिसणार नाही इतकी जाड. कॉर्नफ्लोअरवाली आयसिंग शुगर घ्या. घरी दळलेली साखर मुंबई-वसईच्या दमट हवेत टिकत नाही.

पांढरा रंग हे कापड झालं, पण बाळंत्याचा आकार घडीत असतो. लंबगोल लाटा, मधल्या रेषेच्या जरा बाजूला लाटण्याने लांब खाच पाडा, एक कड दुसरीवर अशी दुमडा की खालची बोटभर पुढे राहील. वर क्रूस किंवा साखरेची बाहुली ठेवू नका, माझ्या मते तो आगाऊपणा. वर डोकावणाऱ्या मनुका मात्र काढून टाका, जळून कडू होतात.

बटर कमी करायचा मोह टाळा. आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) पूर्वी उपवासाचा असे, त्यात बटर वर्ज्य. म्हणून जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात हा पाव तेलावर व्हायचा. पोप आठवे इनोसंट यांनी 1491 साली बटरची मुभा दिली. आज सॅक्सनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या श्टोलनच्या नियमाने 100 भाग मैद्याला किमान 50 बटर, 65 मनुका, 20 पाकवलेली संत्र्या-लिंबाची साल आणि 15 बदाम लागतात. मार्गारिन बाद. सालीऐवजी टूटीफ्रूटीही नको. ती रंगवलेली पपई, तिला सालीचा वास कुठला? आपलं पिवळं बटर खारं असतं, तेव्हा वरून मीठ घालू नका. (हे सगळं घरच्या ओव्हनपुरतं, बेकरीच्या भट्टीचं गणित वेगळं.)

फॉइलमध्ये थंड जागी आठवडाभर तरी मुरू द्या. वाढण्याआधी पिठीसाखरेचा एक हात पुन्हा. आणि कापायला टोकाकडून नाही, मधून सुरुवात करा. उरलेले दोन तुकडे एकमेकांना भिडवून ठेवले की कापलेली बाजू वाळत नाही.