घशात ठसका लागतो तेच तेल चांगलं: ऑलिव्ह तेलाची प्रश्नोत्तरे

ऑलिव्ह तेलाबद्दल आलेली पत्रं एकत्र वाचली तर गंमत वाटते. बाटली एकच, पण कुणी ती पितं, कुणी कानात घालतं, कुणी टेबलाला फासतं. माझं उत्तर बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नापासून सुरू होतं: कुठलं ऑलिव्ह तेल, आणि कशावर?

प्रश्न: पहिल्यांदाच ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ आणलं. चवीला कडवट आहे आणि चमचाभर घेतलं की घशात टोचून खोकला येतो. तेल खराब निघालं का? परत करू का?

अजिबात परत करू नका. खराब तेल घशात टोचत नाही, ते खवट लागतं. जुन्या दाण्यांसारखा किंवा मेणाच्या रंगखडूसारखा वास येतो. तुमची खवखव ऑलिओकॅन्थल या द्रव्याची आहे आणि ते ताज्या, चांगल्या तेलातच भरपूर असतं.

त्याचा शोध मजेशीर आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधले एक शास्त्रज्ञ सिसिलीत ताजं तेल चाखत होते. घशात जी चुणचुण झाली ती त्यांना ओळखीची वाटली, कारण आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या पातळ औषधाच्या चवीवर त्यांचं काम झालेलं होतं. जीभ शांत, ओठ शांत, टोचतं फक्त घशात. 2005 साली त्यांच्या गटाने दाखवून दिलं की ऑलिओकॅन्थल आयबुप्रोफेनसारखंच दाह वाढवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवतं. मात्र डोकं दुखलं म्हणून तेल पिऊ नका. 50 ग्रॅम तेलातून गोळीच्या नेहमीच्या मात्रेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका परिणाम मिळतो, असा त्यांचाच हिशोब आहे.

लेबलाबद्दलही सांगून टाकते. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे फळं फक्त यंत्राने दळून काढलेलं तेल, ज्यात मुक्त आम्ल 0.8 टक्क्यापेक्षा जास्त नाही आणि चाखणाऱ्यांना चवीत दोष सापडलेला नाही. नुसत्या ‘व्हर्जिन’ला 2 टक्क्यांपर्यंत सूट आहे. ‘प्युअर’ आणि ‘लाइट’ ही रिफाइंड तेलं, त्यांत थोडं व्हर्जिन मिसळलेलं. ‘लाइट’ म्हणजे वासाला आणि रंगाला हलकं, उष्मांक तेवढेच. ‘पोमेस’ म्हणजे उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं. रंगावर मात्र जाऊ नका. चाखणारे तज्ज्ञ मुद्दाम निळ्या काचेच्या पेल्यातून तेल चाखतात, हिरव्या रंगाने मन फसू नये म्हणून.

प्रश्न: रोज उपाशीपोटी दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल घेतल्याने हृदय चांगलं राहतं असं ऐकलं. सुरू करू का? शिवाय पोटही साफ होतं म्हणतात.

उपाशीपोटी घेण्यात काही जादू नाही. एका मोठ्या चमच्यात साधारण 120 उष्मांक असतात. नेहमीच्या जेवणावर दोन चमचे वर चढवले तर हृदयाआधी कमरेला कळेल. फायदा दिसतो तो दुसऱ्या स्निग्धाच्या जागी हे तेल वापरल्याने.

स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ अभ्यासाचा दाखला सगळे देतात. त्यात हृदयविकाराचा धोका असलेले सुमारे साडेसात हजार लोक होते. भूमध्यसागरी आहार आणि त्यासोबत भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे 30 टक्के कमी आढळले. 2013 साली तो छापून आला. पण काही केंद्रांवर लोकांची गटांत विभागणी नियमाप्रमाणे झाली नव्हती, म्हणून 2018 मध्ये तो मागे घेऊन नव्याने गणित करून पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. एक गोष्ट लक्षात ठेवा: ही माणसं तेल औषधासारखं पीत नव्हती, त्यांचा सगळा स्वयंपाकच त्यात होत होता.

पोटाचं म्हणाल, तर डायलिसिसवरच्या रुग्णांच्या एका लहान चाचणीत रोज 4 मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभरही नाही, एवढ्या तेलाने बद्धकोष्ठ कमी झालं होतं. करून बघायला हरकत नाही.

प्रश्न: गरम केलं की हे तेल विषारी होतं का?

नाही. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनला धूर सुटतो तो साधारण 190 ते 210 अंशांना, आणि तळण होतं 170–180 अंशांवर. वास मात्र उडतो, म्हणून महागाचं तेल वरून घालायला ठेवा आणि तळायला साधं घ्या.

प्रश्न: माझ्या जाऊबाईंना पित्ताशयात खडे आहेत. त्यांनी दिवसभर उपास करून रात्री कपभर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस घेतला. सकाळी शौचातून हिरवे, मऊ खडे पडले, मी स्वतः पाहिले. आता ऑपरेशन टळलं ना?

तुम्ही जे पाहिलंत ते खोटं नाही. पण ते खडे पित्ताशयातून आलेले नाहीत, रात्रीच्या त्या कपातून आलेले आहेत.

अशीच एक घटना 2005 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका बाईंनी हाच उपाय केला, हिरवे गोळे जपून ठेवले आणि डॉक्टरांकडे नेले. प्रयोगशाळेत पाहिलं तर त्यांत कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियम नाही. तीन चतुर्थांश भाग निव्वळ मेदाम्लांचा होता. 40 अंशांवर दहा मिनिटं ठेवल्यावर त्यांचं हिरवं तेलकट पाणी झालं. पोटातल्या विकरांनी तेल फोडलं आणि सुट्या झालेल्या मेदाम्लांचा साबण होऊन गोळे वळले, हे त्याचं स्पष्टीकरण. हिरवा रंग पित्ताचा. खरे खडे बहुधा कोलेस्टेरॉलचे किंवा बिलिरुबिनचे असतात आणि कोमट पाण्यात विरघळत नाहीत. त्या बाईंचे खरे खडे सोनोग्राफीत दिसलेच, आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली.

हा उपाय नुसताच निरुपयोगी असता तर मी एवढं लिहिलं नसतं. तो धोक्याचा आहे. कपभर तेल आतड्यात उतरलं की पित्ताशयाला जोरात आकुंचन पावण्याचा संदेश जातो. आत लहान खडा असेल तर तो निसटून नळीत अडकू शकतो. मग कावीळ, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वादुपिंडाला सूज. जाऊबाईंना परत तपासणीला पाठवा. उजव्या बरगडीखाली थांबता न थांबणारी कळ, थंडी-ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी.

प्रश्न: कानात मळ साचला की आमच्याकडे लसूण ठेचून ऑलिव्ह तेलात घालतात आणि ते तेल कोमट करून कानात सोडतात. महिनाभरापूर्वी केलेली बाटली फळीवर आहे. चालेल का?

तेल चालेल, लसूण नको, आणि ती बाटली तर मुळीच नको.

आधी कान. घट्ट मळ मऊ करायला साधं ऑलिव्ह तेल हा जुना आणि ठीक उपाय आहे. कुशीवर झोपून दोन-तीन थेंब, काही मिनिटं तसंच पडून राहायचं. दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. तेल अंगाइतकंच उबदार असावं. थंडगार थेंबाने चक्कर येते, आणि गरम तेलाने पडदा भाजतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला आणि गरमही लागला नाही, गारही, म्हणजे झालं. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर काहीही घालू नका. खरं सांगायचं तर मळ मऊ करण्यात हे तेल साध्या पाण्यापेक्षा सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. निदान कापसाच्या काडीपेक्षा लाखपट बरं. काडी मळ आणखी आत ठोकते.

आता बाटली. लसूण मातीतून येतो आणि मातीत बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असतात. त्यांना हवा नको असते आणि आंबटपणा सोसत नाही. तेलात बुडालेल्या लसणाला नेमकी हीच परिस्थिती मिळते: वरून हवा बंद, आत आम्ल नाही. विष तयार झालं तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही. घरातलं कुणी तेच तेल उद्या जेवणावर घालेल, म्हणून आज फेकून द्या. लसूण-तेल हवंच असेल तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

प्रश्न: बाळाच्या कोरड्या कातडीला आणि माझ्या कोंड्याला ऑलिव्ह तेल लावते. नैसर्गिक आहे, मग बाळाची कातडी आणखी खरखरीत का होतेय?

कारण पोटाला जे मानवतं ते कातडीला मानवेलच असं नाही. या तेलात ओलिक आम्ल खूप असतं, 55 ते 83 टक्के. हृदयाच्या दृष्टीने ती जमेची बाजू. पण कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या मधल्या जागेत स्निग्धाचं जे अस्तर असतं, ते ओलिक आम्लाने विस्कटतं आणि ओलावा निसटतो. मोठ्या माणसांवर केलेल्या तुलनेत सूर्यफूल तेलाने असं नुकसान केलं नाही. नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत मात्र दोन्ही तेलांनी त्या अस्तराची नैसर्गिक जडणघडण मंदावली. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत तेलच नको. नंतरही कातडी कोरडी किंवा इसबाची असेल तर बिनवासाचं साधं मलम लावा.

कोंड्याचं प्रकरण तर उलटं पडतं. कोंड्यामागे असलेली मॅलॅसेझिया बुरशी मेदाम्लांवर जगते. प्रयोगशाळेत ती वाढवायची असते तेव्हा खाद्य म्हणून वर ऑलिव्ह तेल घालतात. टाळूवरची घट्ट खपली सुटायला तासभर लावून शाम्पूने धुणं ठीक, पण रात्रभर मुरवलंत तर पाहुण्याला जेवायला बसवल्यासारखं आहे.

(लग्नाला वर्ष झालेल्या एका वाचकाने संकोचत विचारलंय, वंगण म्हणून चालतं का. कंडोम वापरत असाल तर नाही. तेलाने लेटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं.)

प्रश्न: ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगरने लाकडी टेबल पुसलं. दोन दिवस झळाळलं, आता धूळ चिकटते. दाराच्या बिजागरीला घातलं तीही जाम झाली.

जवसाचं तेल हवेत सुकून कडक थर धरतं. ऑलिव्ह तेल तसं सुकत नाही, नुसतं ओलं राहतं, हळूहळू खवट होतं आणि चिकटा धरतं. कोमट साबणपाण्यात पिळलेल्या फडक्याने टेबल पुसा, लगेच कोरडं करा आणि मग मेणाचं पॉलिश लावा. बिजागरीला यंत्राचं तेल. भाजी चिरायच्या लाकडी पाटालाही हे तेल लावू नका, वास धरतो.

हे तेल जिथे खरोखर कामाचं ठरतं त्या जागा वेगळ्या: बरणीवरच्या लेबलाचा उरलेला गोंद, केसांत अडकलेलं च्युइंगम, हाताला लागलेला झाडाचा चीक किंवा ऑइलपेंट. चोळायचं, पाच मिनिटं थांबायचं, साबणाने धुवायचं. स्टीलवरची बोटांचे ठसेही दोन थेंबांनी जातात, मात्र नंतर कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्या.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वीचा अर्धा डबा खवट झालाय. फेकू का?

खाऊ नका, पण फेकूही नका. हलक्या प्रतीच्या तेलाला या धंद्यात आजही ‘लॅम्पान्टे’ म्हणतात, म्हणजे दिव्याचं तेल. सुती वात घालून दिवा लावा.

साबणही होतो. सीरियातल्या अलेप्पोचा आणि पॅलेस्टाईनमधल्या नाब्लसचा साबण शतकानुशतकं मुख्यतः याच तेलाचा बनतो. दोन्ही कलांची 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. फ्रान्समध्ये तर 1688 च्या फर्मानाने साबणात ऑलिव्हखेरीज दुसरं स्निग्ध घालायला बंदी केली होती. घरी करणार असाल तर 100 ग्रॅम तेलाला साधारण 13 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, आणि दोन्ही वजनकाट्यावर मोजायचं, चमच्याने नाही. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं. चष्मा आणि हातमोजे हवेत, ॲल्युमिनियमचं भांडं नको. वड्या पाडल्यावर निदान सहा आठवडे वाळू द्या. ऑलिव्हचा साबण आधी गिळगिळीत लागतो, जितका जुना होईल तितका कडक आणि सौम्य.

पुढचा डबा लहान घ्या, गडद काचेचा किंवा पत्र्याचा. शेगडीपासून लांब ठेवा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा.