टेपरेकॉर्डर व्हायला हरकत नाही

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लांबलचक मेल वाचली. "मी नुसती टेपरेकॉर्डर झालेय," असं लिहिलंयस. वाक्य म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं आणि उरलेला वेळ स्टाफरूममध्ये खुर्ची राखत बसायचं. जपानला गेलेल्या माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी हेच रडगाणं गायलंय. 1987 मध्ये जपान सरकारने जेट योजना सुरू करून, मुख्यतः शाळांत इंग्रजीच्या मदतीला, चार देशांतून 848 तरुण नेले, तेव्हापासून पदाच्या नावात 'सहायक' आहेच. आताचं नाव 'सहायक भाषा शिक्षक'. वर्ग तिथल्या शिक्षकांचा, तू मदतीला. करारावर सही करताना हे वाचलं होतंस ना?

तेव्हा टेपरेकॉर्डरचं काम निमूटपणे आणि खणखणीत आवाजात कर. तिसरी-चौथीला इंग्रजीचे वर्षाला 35 तास, पाचवी-सहावीला 70, आणि तास म्हणजे 45 मिनिटं. तीन-चार शाळा तुझ्या वाट्याला, म्हणजे एका वर्गाला तू कितीशी दिसणार! शिवाय पाचवी-सहावीला 2020 पासून हा रीतसर गुणांचा विषय झालाय. तो शिकवायची वेळ येईल असं तिथल्या कित्येक वर्गशिक्षकांना नोकरीला लागताना वाटलंही नव्हतं. तुझ्याशेजारी उभ्या त्या बाई ताठ दिसतात ना, त्या शिष्ट नाहीत, धास्तावलेल्या आहेत. उद्याच्या तासाला काय घ्यायचंय ते आदल्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी जाऊन, जपानीत, हळू आवाजात विचार. वर्गात, मुलांदेखत, त्यांचं इंग्रजी कधीही सुधारू नकोस.

तुझी खरी नोकरी तास संपल्यावर सुरू होते. 'क्यूशोकु'ची, म्हणजे शाळेतल्या जेवणाची, वेळ चुकवू नकोस. पांढरे अंगरखे-टोप्या घालून मुलंच पातेली आणतात, वाढतात, सगळ्यांना सारखं, सोबत 200 मिलीचं दूध. तू शाकाहारी, म्हणून स्टाफरूममध्ये एकटी बसून डबा खातेस असं लिहिलंयस. हे आधी बंद कर. तिथलं बहुतेक सूप माशाच्या दाशीवर, म्हणजे उकळून काढलेल्या अर्कावर, असतं, भाजीसुद्धा त्यातच शिजते, त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. काय चालत नाही ते स्वच्छ लिहून क्योतो-सेन्सेईंकडे, म्हणजे उपमुख्याध्यापकांकडे, दे. डबा वर्गात नेऊन मुलांसोबत खाण्याची परवानगी माग. एकदा का पोळी-भाजी त्या बाकावर उघडली, की "कोरे नानि?" ("हे काय?") सुरू होईल. उत्तर इंग्रजीत दे, पाच-सहा शब्दांत, हातवारे करून. नंतरच्या सफाईच्या वेळी तूही फडकं घे. तासाला तोंड न उघडणारं पोर ओणव्याने फरशी पुसत पळताना तुझ्याशी शर्यत लावेल आणि तुला हरवलं की इंग्रजीत ओरडेल. हे मी तुझ्या आधीच्या पोरापोरींकडून इतक्यांदा ऐकलंय की मला त्यात आता शंका उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यापाशी आहे, जी तुझ्या अमेरिकन सहकाऱ्यापाशी नाही. मूल "आय टेनिस प्ले" म्हणालं की तो चक्रावतो. तू का चक्रावशील? जपानीत क्रियापद शेवटी, मराठीतही शेवटी. इंग्रजीतले 'अ' नि 'द' त्यांच्यात नाहीत, आपल्यातही नाहीत. तुझी आई आणि मी पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी शिकलो ते याच खड्ड्यात पडत. (महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली.) मुलाला 'चूक' म्हणू नकोस. "ओ, यू प्ले टेनिस!" असं म्हणून गप्पा पुढे ने.

उच्चारांचं म्हणशील तर अमेरिकन हेल काढायचा नाही. 'र' आणि 'ल' त्यांना छळतात, तुला नाही, तिथे तू भक्कम आहेस. पण 'व्हेरी'तला व्ह आणि 'वेल'मधला व आपलं मराठी तोंड एकाच मापाने काढतं. मुलं नेमकं तेच उचलतील. आरशासमोर उभी राहा, व्ह म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात का बघ, आणि महिनाभर घोट.

स्टाफरूमचे नियम तुला माहीतच आहेत. सकाळी आत शिरताना मोठ्याने "ओहायो गोझाइमास", निघताना "ओसाकि नि शित्सुरेइ शिमास", आणि कुठेही फिरून आलीस की प्रत्येकाच्या टेबलावर खाऊ. पुण्याहून बाकरवडी नेलीस तर छोट्या छोट्या पुड्या करून ने. एका डब्यात दहा हात घालणं तिथे कोणाला रुचत नाही.

तुझ्या निइगाता प्रांताचा हिवाळा तुझी परीक्षा बघेल. तिथला बर्फ ओला नि जड असतो, आणि जुन्या घरांत अख्खं घर तापवायची सोय नसते. केरोसीनचा स्टोव्ह लावलास तर मधूनमधून खिडकी उघड, आणि झोपताना तो बंद म्हणजे बंद. आळस केलास तर जिवावर बेतेल. फोडणी खिडकी उघडून आणि पंखा लावून कर, नाहीतर धुराचा अलार्म वाजून शेजारचे आजोबा दारात उभे राहतील. त्यांची ओळख आधीच करून ठेवलेली बरी, कारण कचऱ्याचे वार तेच समजावतील. कोशिहिकारी तांदळाचा मसालेभात होत नाही, पण दहीभात आंबेमोहोराच्या तोडीस तोड होतो.

रोज रात्री आईला तासभर फोन नको. तुझे नऊ म्हणजे तिचे साडेपाच, तिची चहाची वेळ, ती आनंदाने बोलत बसेल आणि तुझी संध्याकाळ गावात न जाता खोलीतच संपेल. गावच्या कोमिन्कानमध्ये, म्हणजे समाजमंदिरात, काहीतरी लाव. तायको ढोल, इकेबानाची पुष्परचना, काहीही. परदेशी मित्रांचा ग्रुप शनिवारपुरता पुरे.

आता पैशांचं. दुसऱ्या वर्षी जूनपासून पगारातून रहिवासी कर कापायला लागतात, आधीच्या वर्षीच्या कमाईवर. पहिल्या वर्षी तो नसतो, म्हणून हात सैल सुटतो. आत्तापासून बाजूला टाक. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर पेन्शनमध्ये भरलेल्यापैकी काही रक्कम एकरकमी मिळते. मात्र ती उचललीस की तो काळ 2016 पासून लागू झालेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारात धरला जात नाही. परत येणार की तिथेच पुढे राहणार हे ठरल्याशिवाय घाई नको. पेन्शनची निळी वही किंवा नोटीस, जे मिळालं असेल ते, पासपोर्टसोबत ठेव.

सहावीच्या पुढच्या धड्याचं टाचण पाठव, बघून देते. आणि सोमवारी डब्यात वांग्याची भाजी नको, भेंडी ने. ती तिथे 'ओकुरा' म्हणून खातात, बोलायला सोपं जाईल.

तुझी,
सेन्सेई