पुरात बुडालेलं जुनं जॉन्सन: दुरुस्त करावं की भंगारात द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मामांचं जॉन्सन ९.९, म्हणजे होडीच्या मागे लावायचं ९.९ अश्वशक्तीचं इंजिन, चांदोदला नर्मदेवर चालायचं, मग बरीच वर्षं बडोद्याच्या घरी तळमजल्यावर पडून होतं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा अख्खं बुडालं. आता दोरी ओढली तर हलत नाही. एक मिस्त्री म्हणतो भंगारात द्या, दुसरा म्हणतो सगळं खोलून नवं करतो. दोघांपैकी एकानेही एक बोल्ट सैल करून पाहिलेला नाही. म्हणून सांगतो, अजून कुणालाच पैसे देऊ नका, आणि भंगारवाल्यालाही बोलावू नका.

सगळे आधी कार्बोरेटरकडे धावतात. तो घाण असणारच, पण त्याने निर्णय होत नाही. कार्बोरेटर साफ होतो, ठिणगीची कॉइल बदलता येते, इम्पेलर (थंड करणारं पाणी खेचणारं रबरी चक्र) नवा बसतो, सील मिळतात. निर्णय होतो तो सिलिंडरची भिंत, क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं, खालच्या पायातले (पाण्यात राहणाऱ्या, पंखा असलेल्या भागातले) गिअर आणि मिठाने खाल्लेलं ॲल्युमिनियम यांवर. यातलं एक जरी गेलेलं असेल तर त्या इंजिनात घातलेला रुपया परत येत नाही.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: नर्मदेचं पाणी गोडं आहे. मी एकदा समुद्रकिनाऱ्यावरच्या एका विक्रेत्याकडून चकचकीत रंगवलेलं इंजिन आणलं. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) उत्तम, मी खूश. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, खोलायला गेलो तर तीन बोल्ट आतच तुटले आणि पाण्याच्या वाटा पांढऱ्या भुकटीने बुजलेल्या. नुसत्या कॉम्प्रेशनवर तेव्हापासून मी भरवसा ठेवत नाही. तुम्हीही रंगाखाली फुगलेले फोड, बोल्टांच्या डोक्याभोवती पांढरं, ब्रॅकेटचे (होडीला अडकवायच्या पकडीचे) पिन गंजलेले, हे आधी टॉर्च लावून पाहा. चांदोदचं इंजिन मधे कुणी भरुचकडे खाऱ्या खाडीत नेलं होतं का, हे मामांना विचारा.

आता ‘जाम’बद्दल. जाम म्हणजे पिस्टनच चिकटला असं नसतं. वर्षानुवर्षं पडलेल्या इंजिनात पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर त्याच्या कवचाला चिकटून बसतो, किंवा इंजिनाकडून पायाकडे जाणारा दांडा, ड्राइव्ह शाफ्ट, गंजाने अडतो. म्हणून स्पार्क प्लग काढा, प्लगच्या भोकांतून गंज सोडवणारं तेल फवारा आणि दोन दिवस हातही लावू नका. मग खालचा पाय उतरवा. गिअर बदलणारा दांडा सोडायला विसरलात तर पाय अडकतो, त्यावर हातोडी चालवू नका. पाय वेगळा झाला की फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक) दोन्ही हातांनी हळूच फिरवून पाहा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. पाय जोडलेला असताना उलटं फिरवलं तर इम्पेलरच्या पाकळ्या उलट वळतात, त्यामुळे ही सवयच ठेवा. पाय काढल्यावर फ्लायव्हील फिरलं तर तुमचा अर्धा प्रश्न सुटला: दोष खाली आहे.

फिरताना हाताला काय लागतं त्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तुमच्या बाबतीत खरी भीती इथे आहे. पुराचं पाणी आत गेलं आणि इंजिन लगेच धुऊन, तेल घालून फिरवलं नाही, तर क्रँकच्या बेअरिंगांवर गंजाचे खड्डे पडतात. बोटांना खरखर जाणवते, वाळू दळल्यासारखा आवाज येतो. गाळही असू शकतो, म्हणून केरोसीन आणि तेलाने एकदा धुऊन पुन्हा फिरवा. तरी खरखर राहिली तर थांबा. क्रँक काढून बेअरिंगं घालणं शक्य असतं, पण या आकाराच्या जुन्या इंजिनाला परवडत नाही.

मऊ फिरतंय? मग कॉम्प्रेशन. दोन्ही प्लग काढलेले, त्यांच्या वायरी बॉडीला जोडून अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. गेज लावून काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी पाच-सहा वेळा ओढा. ९० ते १२० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास आणि दोन्हींत दहा टक्क्यांहून कमी फरक असेल तर मी पुढे जाईन. आकड्यापेक्षा दोघांतला फरक जास्त बोलतो. एक कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा चिकटल्यात, त्या सुटू शकतात. न चढल्यास हेड गॅस्केट किंवा भिंतीवरचा ओरखडा, तेव्हा हेड खोलूनच कळेल.

पायाचं तेल तपासायला पाच मिनिटं पुरतात. खालचा स्क्रू सैल केल्यावर आधी नुसतं पाणी आलं तर पाणी तळाशी बसलंय. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळून घुसळलं गेलंय. दोन्ही सीलची कामं आहेत. धातूचे तुकडे आले तर गिअर गेले. नुसती करडी बारीक धूळ चिंतेची नाही.

सुट्या भागांचं बघा. ब्रॅकेटवरच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो. १९८० नंतरच्या जॉन्सन आणि त्याच कंपनीच्या एव्हिनरूड इंजिनांमध्ये वर्षाची दोन अक्षरं ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दावरून येतात: आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९, एस ०. सीयू असेल तर १९८७. ही इंजिनं बनवणारी मूळ ओएमसी कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, पण या छोट्या इंजिनांचे इम्पेलर, सील, कॉइल दुसरे उत्पादक अजून बनवतात. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत लेथवर बुश किंवा पिन करून मिळेल, तुटका बोल्टही काढतील. ब्लॉकची जागा मात्र लेथ घेऊ शकत नाही.

वरचं सगळं पार पडलं, तर इम्पेलर, पायाची सीलं, इंधनाच्या नळ्या आणि इंधन पंपाचा पडदा न विचारता नवे घाला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं (होडीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं), ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. १९८०च्या दशकातल्या काही पुस्तिकांत १००:१ दिसेल, कंपनीने पुढे ते मागे घेतलं होतं. स्कूटरचं टू-टी घालू नका. एकूण खर्च चालू स्थितीतल्या तशाच जुन्या इंजिनाच्या निम्म्यापुढे गेला तर मी सोडून देईन, मामांचं असलं तरी.

पहिली सुरुवात पाण्याच्या पिंपात करा. पंखा काढलेला असावा आणि पाणी पायाच्या आडव्या पट्टीच्या वर असावं. कोरडं एक क्षणही चालवू नका. मिनिटभरात बाजूच्या भोकातून पाण्याची धार आली नाही तर लगेच बंद करा. आणि घराजवळ आहे म्हणून विश्वामित्रीत उतरवू नका, तिथल्या मगरी सगळ्या बडोद्याला माहीत आहेत.

या रविवारी प्लगच्या भोकांत तेल टाका, दोन दिवस थांबा आणि पाय उतरवा. फ्लायव्हील फिरतं की नाही, आणि फिरल्यास हाताला कसं लागतं, एवढं कळवा. पुढचं त्यावर सांगतो.