वजन हे निदान नव्हे: वाचकांचे प्रश्न

लठ्ठपणामुळे तपासण्या, निदान आणि शस्त्रक्रिया यांत काय फरक पडतो, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. चालू औषधांत स्वतःहून बदल मात्र करू नये.

प्रश्न: वय 46, वजन 112 किलो. दवाखान्यात बीपी दर वेळी 150/96 च्या आसपास येते. कंपनीच्या तपासणीत मोठा पट्टा लावला तेव्हा 134/86 आले. गोळी सुरू करायला सांगितले आहे. खरे कोणते धरायचे? (नाशिक)

उत्तर: मोठ्या पट्ट्याचे, तो तुमच्या दंडाच्या मापाचा असेल तर. पट्ट्याच्या कापडात रबरी पिशवी असते. तिने दंडाच्या घेराचा निदान 80 टक्के भाग वेढला पाहिजे आणि तिची रुंदी घेराच्या 40 टक्क्यांच्या आसपास हवी. पिशवी अपुरी पडली की तिचा दाब आतल्या धमनीपर्यंत पुरता पोचत नाही. धमनी बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि तो जास्तीचा दाब यंत्र तुमचे बीपी म्हणून दाखवते. बाल्टिमोरच्या एका अभ्यासात (2023) ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा लावून पाहिले, तर वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त आला. एक माप चुकले तरी सुमारे 5 चा फरक पडला. गोळी सुरू करायची की नाही, हे एवढ्या फरकावर ठरू शकते.

दंड घरी मोजता येतो. खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करा, हात सैल सोडा आणि तिथे शिंप्याची टेप न आवळता गुंडाळा. साधारण 27 ते 34 सेंटीमीटरला नेहमीचा, 35 ते 44 ला मोठा आणि 45 च्या पुढे त्याहून मोठा पट्टा लागतो. घरगुती यंत्रासोबतचा पट्टा पुष्कळदा 22 ते 32 सेंटीमीटरचाच असतो. माप पट्ट्यावर छापलेले असते, यंत्र घेताना ते आधी वाचा. दंड वर जाड आणि कोपराकडे निमुळता असेल तर मोठा पट्टाही खाली सैल राहून घसरतो. अशा वेळी डॉक्टर मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागावर मोजतात. तिथला आकडा दंडापेक्षा थोडा जास्त येतो, म्हणून कुठे मोजले ते नोंदीत लिहिलेले असावे.

आता गोळीविषयी. 134/86 हा आकडाही निर्धास्त राहण्यासारखा नाही. योग्य पट्टा घेऊन सात दिवस सकाळी आणि रात्री मोजा. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर उच्च रक्तदाब आहे, असे धरून उपचार ठरतात. हा कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: वय 57, वजन 94 किलो. सहा महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते. दोन ठिकाणी दाखवले, दोन्हीकडे "वजन कमी करा" एवढेच सांगितले. (मिरज)

उत्तर: वजनामुळे धाप लागू शकते, हे खरे. पण तुमचे वजन सहा महिन्यांपूर्वी अचानक वाढलेले नसेल आणि धाप मात्र सहा महिन्यांचीच असेल, तर वजन हे तिचे पुरेसे कारण होत नाही. काय बदलले ते शोधायला हवे. जाड रुग्णाच्या प्रत्येक तक्रारीचा दोष वजनाच्या माथी मारण्याची सवय वैद्यकीय व्यवसायात आहे, आणि तिच्यामुळे रक्तक्षय, थायरॉइड, हृदयाचा अशक्तपणा, फुप्फुसातली रक्ताची गाठ असे आजार उशिरा सापडतात.

हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) एवढे तरी झालेच पाहिजे. हृदय थकले आहे का हे पाहण्यासाठी बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी करतात. लठ्ठ व्यक्तींमध्ये तिचा आकडा मुळातच कमी असतो. त्यामुळे रिपोर्टवर नॉर्मल छापून आले म्हणजे हृदय ठणठणीत, असा अर्थ होत नाही. बीएमआय (किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 30 च्या वर असेल तर हृदयतज्ज्ञ हा आकडा कमी मर्यादेशी ताडून पाहतात. जाड छातीमुळे टूडी इकोही कधी धूसर येतो. रिपोर्टमध्ये तसा शेरा असेल, तर पुढची तपासणी कोणती करायची ते विचारा.

पुढच्या भेटीत थेट विचारावे: "डॉक्टर, हीच तक्रार 60 किलोच्या बाईने सांगितली असती, तर तुम्ही कोणत्या तपासण्या सांगितल्या असत्या?" त्या सगळ्या तुमच्याही व्हायला हव्यात. एक पाय सुजला असेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

प्रश्न: माझ्या सासूबाईंची पाळी जाऊन सात वर्षे झाली. आता दोनदा अंगावरून लाल गेले. पोटावरून सोनोग्राफी केली, "चरबीमुळे गर्भाशय नीट दिसले नाही" असे लिहून आले. म्हणजे काही नाही ना? (लातूर)

उत्तर: "नीट दिसले नाही" म्हणजे तपासणी अपुरी राहिली. ती पूर्ण करायलाच हवी, आणि लवकर. ध्वनिलहरी चरबीतून जाताना क्षीण होतात. खोलवर पोचायला कमी वारंवारतेच्या लहरी वापराव्या लागतात, आणि त्यांत बारकावे दिसत नाहीत. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पोटावरची चरबी मध्ये येतच नाही. त्यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त निघाली, किंवा रक्तस्राव पुन्हा झाला, तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात.

घाई करायला सांगण्याचे कारण असे, की पाळी गेल्यानंतर चरबीच्या पेशींत इस्ट्रोजेन तयार होत राहते. त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र नसते, आणि गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते. लठ्ठपणाशी जोडलेल्या कर्करोगांत या अस्तराच्या कर्करोगाचा संबंध सर्वांत ठळक आहे. रक्तस्रावासारखे लक्षण लवकर दिसते, म्हणून तो बहुधा वेळेत सापडतो आणि बराही होतो. सासूबाई संकोच करत असतील तर तुम्ही सोबत जा.

गरोदर स्त्रियांनाही हेच लागू आहे. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचे हृदय किंवा मणका दिसला नाही, तर दोन आठवड्यांत ती पुन्हा करून घ्यावी.

प्रश्न: माझी उंची 168 सेंटीमीटर, वजन 68 किलो. पुण्यातले डॉक्टर वजन जास्त आहे म्हणतात. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो, 25 च्या खाली बीएमआय नॉर्मल. (पुणे)

उत्तर: तुमचा बीएमआय 24.1 आहे. 25 ही युरोप-अमेरिकेतली रेषा. आपल्या लोकांत त्याच वजनाला पोटातली चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून भारतात 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. अमेरिकेतही आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी 23 पासून करावी, अशी तिथल्या मधुमेह संघटनेची शिफारस आहे, तेव्हा भावालाही कळवा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेप लावा. पुरुषात 90 आणि स्त्रीत 80 सेंटीमीटरपेक्षा जास्त घेर असेल तर साखर, चरबी आणि यकृत तपासून घ्यावे.

प्रश्न: आईचे वय 63, वजन 96 किलो, उंची 152 सेंटीमीटर. दोन्ही गुडघे गेले आहेत. "आधी बीएमआय 40 च्या खाली आणा, मग ऑपरेशन" असे सांगितले. चालताच येत नाही तर वजन कसे कमी होणार? एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) 8.9 आहे. मिश्रीची सवय आहे. (सातारा)

उत्तर: आईंचा बीएमआय 41.6 आहे. 40 च्या खाली यायला वजन 92 किलो व्हायला हवे, म्हणजे चार किलो कमी. फक्त या चार किलोंसाठी ऑपरेशन अडवून धरणे आम्हाला पटत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपण शल्यविशारद यांच्या संघटनांनी 2023 मध्ये संयुक्त मार्गदर्शन दिले. एखाद्या ठरावीक बीएमआयवर येईपर्यंत रोपण लांबवू नये, असे त्यात म्हटले आहे. मधुमेह आटोक्यात येईपर्यंत आणि निकोटिन सुटेपर्यंत मात्र थांबावे, असेही त्यातच आहे. आईंच्या बाबतीत खरी अडचण या दोन गोष्टींची आहे.

धोका कुठे असतो ते समजून घ्या. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे प्रतिजैविक आणि संरक्षक पेशी तिथे कमी पोचतात. जखम खोल असते आणि टाक्यांखाली पाणी साचते. त्यात साखर जास्त असली की जंतूंना रान मोकळे मिळते. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर पुन्हा उघडून धुवावे लागते, कधी सांधाच काढावा लागतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी ती पूर्ण बंद हवी. "फक्त सकाळी दात घासायला" हेही नको. निकोटिनच्या गोळ्या देण्याआधी शल्यविशारदांना विचारा.

एचबीए1सी 8 च्या खाली आणण्याचे ध्येय ठेवा. त्याला साधारण तीन महिने लागतात, आणि तेवढ्या काळात चार-पाच किलो वजनही उतरू शकते. मात्र उपास करून नव्हे. प्रथिने कमी पडली तर मांडीचे स्नायू झडतात, आणि नव्या गुडघ्यावर उभे राहायला तेच लागतात. मूत्रपिंड ठीक असेल तर दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, शिवाय दही, पनीर किंवा अंडी द्या, आणि भात-भाकरी निम्मी करा. चालता येत नसेल तर खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, म्हणून ऑपरेशनआधीच दुखणेही थोडे हलके होते.

याच तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढवा, किडलेले दात दाखवून घ्या, आणि जांघेत व पोटाच्या घडीखाली ओलसर लाल चट्टे असतील तर त्यांवर उपचार करा. त्या घडीतले जंतू जखमेपर्यंत पोचतात. ऑपरेशनआधी सेफाझोलिन हे प्रतिजैविक देतात त्याची मात्रा 2 ग्रॅम असते, वजन 120 किलो किंवा जास्त असेल तर 3 ग्रॅम. ते चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात गेले पाहिजे. बीएमआय 40 च्या वर असेल तर पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात त्या इंजेक्शनची मात्राही बहुधा वाढवावी लागते.

प्रश्न: पतींचे हर्नियाचे ऑपरेशन आहे. वय 52, वजन 104, उंची 166, मान 44 सेंटीमीटर, बीपीची गोळी चालू. रात्री खूप घोरतात, मध्येच श्वास थांबतो. हे भूलतज्ज्ञांना सांगायचे का? (कल्याण)

उत्तर: सर्वांत आधी हेच सांगायचे. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार ओळखायला आठ प्रश्नांची चाचणी आहे: जोरात घोरणे, दिवसा पेंग, श्वास थांबताना कुणी पाहणे, बीपी, बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, मान 40 सेंटीमीटरपेक्षा जाड, आणि पुरुष असणे. प्रत्येक होकाराला एक गुण. पाच किंवा जास्त गुणांना दाट शक्यता धरतात. तुमच्या पत्रावरूनच सात होतात. ऑपरेशन तातडीचे नसेल तर झोपेची चाचणी करून घ्या. सीपॅप यंत्र (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारे) लागले तर ते आधीपासून वापरायचे आणि रुग्णालयात सोबत न्यायचे. रक्तातले बायकार्बोनेट 27 किंवा त्याहून जास्त असेल, तर जागेपणीही श्वास अपुरा पडत असण्याची शंका येते. ही तपासणी स्वस्त आहे, जरूर करावी.

उताणे झोपवल्यावर पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो आणि फुप्फुसात हवेचा साठा थोडाच उरतो. भूल दिल्यावर श्वास थांबला की ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, नळी घालायला वेळ कमी मिळतो. म्हणून भूलतज्ज्ञ खांद्यांखाली चादरींच्या घड्या रचतात, कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाचा वरचा खळगा एका आडव्या रेषेत येईपर्यंत. डोक्याकडची बाजू उंच ठेवून आधी ऑक्सिजन भरतात. औषधांचा हिशेबही एका वजनावर होत नाही. झोपेचे प्रोपोफॉल चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर, स्नायू सैल करणारे रोक्युरोनियम उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनावर, तर त्याच कामाचे दुसरे औषध सक्सामेथोनियम प्रत्यक्ष वजनावर देतात. म्हणून अंदाजाने वजन सांगू नका. काट्यावर उभे करून उंचीसह लिहून घ्या.

सर्वांत जास्त जपायची ती पहिली रात्र. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी घसा सैल पडतो आणि श्वास मंदावतो. अशी औषधे कमीत कमी, डोके 30 अंश उंच, बोटाला ऑक्सिमीटर आणि रात्रभर देखरेख, एवढे ठरवूनच तारीख घ्या. ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी, असा बेत असेल तर या सगळ्यासह पुन्हा विचारा.

प्रश्न: वय 38. वजन कमी करण्यासाठी आठवड्याला टिर्झेपटाइडचे इंजेक्शन घेते. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. आता पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन ठरले आहे. इंजेक्शन थांबवू का? (ठाणे)

उत्तर: हे इंजेक्शन जठर रिकामे होणे लांबवते. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकते, आणि भुलीत ते उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. 2023 मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांनी आठवडाभर आधी बंद करायला सांगितले होते. 2024 च्या संयुक्त सल्ल्यात बहुतेकांना चालू ठेवता येते असे म्हटले, पण ज्यांची मात्रा वाढवणे चालू आहे किंवा ज्यांना मळमळ, उलटी, पोट फुगणे आहे, त्यांचा धोका जास्त धरला. आदल्या 24 तासांत फक्त पातळ पदार्थ घ्यावेत आणि गरज पडल्यास सोनोग्राफीने जठर पाहावे, असेही त्यात आहे. तेव्हा शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, मात्रा किती आणि मळमळ होते का, हे तिन्ही लिहून द्या. निर्णय भूलतज्ज्ञ घेतील. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर पित्तखडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून वजनाची नोंदही दाखवा.

डापाग्लिफ्लोझिन मात्र ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद करायचे असते. त्याऐवजी काय घ्यायचे ते मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच विचारा. या औषधामुळे साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकते. ऑपरेशननंतर उलट्या, पोटदुखी आणि धाप सुरू झाली, तर साखर 180 असली तरी रक्तातले कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायला सांगा.