नॉन-स्पेसिफिक युरेथ्रायटिस पुन्हा पुन्हा होतोय, बायकोला सांगावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीला जळजळ सुरू झालीय, डॉक्टर 'नॉन-स्पेसिफिक युरेथ्रायटिस' म्हणतात, म्हणजे लघवीच्या मार्गाचा दाह, आणि बायकोला काहीच त्रास नसताना तिला यात ओढायचं का. हो, सांगावंच लागेल. मी डॉक्टर नाही, पण तीनदा हेच भोगलंय.

मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. पहिल्यांदा झालं तेव्हा एप्रिल होता. उन्हाळी लागली असेल म्हणून आठवडाभर धण्याचं पाणी, सब्जा, ताक सगळं झालं. पण उन्हाळीनं कपड्यावर डाग पडत नाहीत. सकाळी लघवीच्या तोंडाशी चिकट थेंब वाळलेला असायचा आणि पहिली धार दोन फाट्यांनी यायची. तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता. मी मेडिकलमधून 'आग होतेय' एवढंच सांगून गोळ्या आणल्या. थोडं बरं वाटलं, महिन्याभरात परत सुरू.

मग एका दवाखान्यात लघवीचं रुटीन आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, केली. रिपोर्टवर 'नो ग्रोथ' बघून मी निश्चिंत झालो. पण संबंधातून पसरणारे दोन जंतू असे आहेत: क्लॅमिडिया जिवंत पेशीच्या आतच वाढतो, आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम साध्या कल्चरला उगवत नाही. दोन्ही असूनही रिपोर्ट कोरा येतो. 'नॉन-स्पेसिफिक'चा अर्थ परमा, म्हणजे गनोरिया, सापडला नाही एवढाच. हे दोन जंतू शोधायला पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, लागते, आणि तिला मधली लघवी चालत नाही, पहिली धार लागते. आधी निदान तासभर लघवीला जाऊ नका.

त्या डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं होतं, 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गोळ्या गरम पडतात म्हणून मी त्या दुधाबरोबर घेतल्या, आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद केल्या. दुधानं हे औषध अंगी कमी लागतं, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांनी तर आणखीच कमी, हे मला सिव्हिलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, कळलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरी मंडळींनी औषध घेतलं का?" मी मान खाली घातली.

माझ्याकडून चूक झाली होती. माल पोचवायला बाहेरगावी गेलो असताना, एकदाच, कंडोमशिवाय. हे घरी सांगितलं त्या रात्री बायको काहीच बोलली नाही. पुढे तीन दिवस ताट वाढून ठेवायची आणि आत जायची. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "कधी जायचंय तपासायला?" तिच्या तपासणीत क्लॅमिडिया निघाला. तिला ना खाज, ना पांढरं जाणं, ना दुखणं. बहुतेक बायकांना काही जाणवतच नाही, आणि तो आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत गेला तर मूल राहणं अवघड होतं, गर्भ नलिकेत राहण्याचा धोका वाढतो. आम्ही तेव्हा दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो. माझ्या लाजेची किंमत तिनं मोजली असती. ती गरोदर नाही हे आधी बघून मग डॉक्सी दिलं. गरोदरपणात ते देत नाहीत, ॲझिथ्रोमायसिन देतात.

दोघांनी एकाच दिवशी औषध सुरू केलं. दोघांचे सात दिवस पुरे होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध नाही. एका डोसचं औषध मिळालं तरी त्यानंतर सात दिवस थांबायचंच. एकानंच औषध घेतलं तर तो आजार दोघांत नुसता फिरत राहतो.

तरीही तिसऱ्यांदा जळजळ झाली. त्या रात्री मला तिच्यावर शंका आली, हे लिहितानाही जड जातंय. आम्हा दोघांची तपासणी परत केली, क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा आणि संबंधातूनच पसरणारा ट्रायकोमोनास हा परजीवी, सगळं निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच पुरुषांत जंतू सापडतच नाही, आणि त्रास परत आला म्हणजे कुणी बाहेर गेलं असा त्याचा पुरावा नसतो. मग विचारलं, "दाबून बघता का थेंब येतो का?" बघत होतो, रोज सकाळी, दोन-दोनदा. त्या दाबण्यानंच मार्ग चिडत राहतो. ते बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत हळूहळू शांत झालं.

तुमच्यात मायकोप्लाझ्मा निघाला तर नुसत्या ॲझिथ्रोमायसिनवर विसंबू नका, त्याला ते आता बऱ्याचदा दाद देत नाही. डॉक्सीनंतर मॉक्सिफ्लॉक्सासिन देतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. ट्रायकोमोनास असेल तर औषध वेगळंच. अंडकोष दुखायला किंवा सुजायला लागला तर त्याच दिवशी दाखवा, उद्यावर टाकू नका.

तुम्ही कुठले ते लिहिलं नाही, पण सुरक्षा क्लिनिक बहुतेक जिल्हा रुग्णालयांत असतं. एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) तपासणीही त्याच वेळी करून घ्या, सरकारीत मोफत होते. जायचं धाडस होत नसेल तर आधी 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करा. गेल्या दोन महिन्यांत बायकोशिवाय आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्या व्यक्तीलाही कळवा. मला त्या बाहेरगावच्या बाईचा पत्ता मिळाला नाही, आणि ती बोच अजून आहे.