कोटेशनमध्ये वस्तूंची पूर्ण नावं लिहून घे : ७० हजारांतला गेमिंग पीसी

तुझा प्रश्न मला समजला तो असा : घणसोलीत राहतोस, बारावी झाली, आता इंजिनिअरिंगला जाणार. घरून मॉनिटरसकट ७० हजार मिळणार आहेत. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ खेळायचंय, शिवाय कॉलेजचं कोडिंग. एका दुकानदाराने कोटेशन दिलंय : 'आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट'. ते घ्यावं का?

घेऊ नकोस. या सगळ्या ओळीत एकाही वस्तूचं नाव नाही, आणि नाव नसलेल्या वस्तूचा भाव कमी की जास्त हे कुणालाच सांगता येणार नाही.

'आय७' हे नाव इंटेल २००८ पासून वापरतेय. त्यामुळे तो प्रोसेसर २०१२ सालचा आय७-३७७० सुद्धा असू शकतो. ऑफिसांमधून निघालेल्या मशीनचे असे प्रोसेसर बाजारात ढिगाने येतात, नव्या दिसणाऱ्या एच६१ मदरबोर्डवर बसतात आणि चकचकीत कॅबिनेटमधून विकले जातात. त्याला डीडीआर३ ही जुन्या पिढीची रॅम लागते, म्हणजे पुढे अपग्रेड करायचं म्हटलं तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच बदलावं लागतं. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यात व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना विंडोज खरी आहे का ते तपासणारी सोय) दोन्ही लागतात. म्हणजे तू यादीत पहिला लिहिलेला गेमच अडकायचा. नावाने दोन पायऱ्या खालचा आय३-१२१००एफ त्या जुन्या आय७ ला आरामात मागे टाकतो.

'४ जीबी ग्राफिक्स कार्ड' हे तर त्याहून फसवं. ४ जीबी ही कार्डावरच्या मेमरीची मोजणी झाली, त्यावरून चिपची ताकद कळत नाही. २०१४ सालचं जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळतं, आणि ते मुळात स्क्रीनवर चित्र यावं एवढ्यासाठीचं कार्ड आहे. अनोळखी ब्रँडची आरएक्स ५८० कार्डंही बघून घे. त्यांतली बरीच '२०४८एसपी' प्रकारची असतात, म्हणजे मूळ ५८० मधल्या २३०४ कोरऐवजी (कोर म्हणजे चिपमधले हिशेब करणारे भाग) २०४८ कोरची. खोक्यावर मात्र ५८० मोठ्या अक्षरात असतं. नामांकित कंपन्यांच्या नावांतही असा घोळ आहे. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबी आणि ६ जीबी ही वरवर एकच वाटणारी कार्डं आहेत, पण ६ जीबीवाल्यात मेमरीबरोबर कोरही कमी केलेत.

आता पैसे कुठे घालायचे ते सांगते. रोजचे भाव हलतात, म्हणून आकड्यांपेक्षा वाटा लक्षात ठेव. एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा ग्राफिक्स कार्डाला जाऊ दे. तुझा मॉनिटर १०८० पी असेल आणि या बजेटला तेच योग्य आहे. त्याला ८ जीबीचं कार्ड पुरतं, त्याखाली जाऊ नकोस. हात आखडता घ्यायचा असेल तर आरएक्स ६६००, थोडं ताणता आलं तर आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६०. जागेवर आरटीएक्स ५०६० त्याच भावात मिळालं तर ते. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, पण त्यात ४ जीबी मेमरी आणि पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या, चारच लेन. जुन्या, पीसीआयई ३.० च्या बोर्डवर ते आणखी मंदावतं. या बजेटमध्ये ते अजिबात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र सगळं कार्डावर ओतूनही चालणार नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे दोन्ही कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात. सहा कोर, बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), एवढं तरी घे. माझ्या डोळ्यांसमोर दोनच नावं येतात : एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा आय५-१२४००. इथेही एकेक अक्षर वाच. '५६००जी' म्हटलं की ग्राफिक्स आतच येतं, पण एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबीऐवजी १६ एमबी होते आणि पीसीआयईही ३.० वर उतरतं. कार्ड लावणारच असशील तर जी घेऊन तोटा. इंटेलच्या बाजूला '१२४००एफ' मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. एफ नसलेला थोडा महाग पडतो, पण तुझ्यासारख्या विद्यार्थ्याला मी तोच सुचवेन. कार्ड कधी वॉरंटीत गेलं तर परत यायला बरेच दिवस लागू शकतात. एफवाल्या मशीनवर तोपर्यंत स्क्रीन काळीच राहणार. बिनएफच्या मशीनवर गेम नाही, पण कॉलेजचं सबमिशन तरी होतं. आय५ आणि रायझन यांच्या किमतीत फार तफावत असेल तर रायझन ५ ५६०० घे, गेमिंगमध्ये काहीही कमी पडणार नाही.

एएम५ चा, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटचा (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), मोह तुला होईल, कारण एएमडीने त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं म्हटलंय. विचार चांगला आहे, पण एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली, त्याची झळ थेट आपल्यापर्यंत आली. डीडीआर४ सुद्धा महागली. तरीही ७० हजारांत डीडीआर४ चाच बोर्ड घ्यावा. इंटेलचे काही बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघतात आणि नावात फरक फक्त 'डी४' एवढाच असतो. ते नीट बघ, नाहीतर घरी आल्यावर रॅम खाचेत बसणारच नाही. रायझन घेऊन बी४५० बोर्ड लावणार असशील तर बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून दे असं दुकानातच सांग. जुन्या बायोसवर ५६०० सुरू होत नाही.

१६ जीबी रॅम घे, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली तर मेमरीचा एकच चॅनेल चालतो आणि नेमक्या तुझ्या गेममध्ये फ्रेम गळतात. डिस्क १ टीबीची असू दे, एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची. 'एम.२' हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटा, म्हणजे जुन्या जोडणीची डिस्कही येते आणि तिचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या पुढे जात नाही. कोटेशनवर 'एनव्हीएमई' हा शब्द लिहून घे.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण लोक सगळ्यात आधी याच्यावरचे पैसे वाचवतात. '५०० वॅट' हा स्टिकरवरचा मोठा आकडा सोड आणि बाजूला छापलेला तक्ता वाच. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि १२ ने गुण. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही वीज तिथूनच घेतात. ४५ अँपिअर असेल तर ५४० वॅट, म्हणजे तो खरोखरचा ५५० चा एसएमपीएस आहे. १६ अँपिअर असेल तर १९२ वॅट, मग बाहेर काहीही लिहिलेलं असो. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅटपर्यंत घेतं, त्यात प्रोसेसर, पंखे, डिस्क मिळव. असा एसएमपीएस गेम चालू असताना मशीन बंद पाडतो, आणि वाईट दिवस असेल तर बोर्ड-कार्डही घेऊन जातो. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का हवाच, पण तो फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतो. जास्त भार, शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण आहे का ते त्यावरून कळत नाही, ते स्पेसिफिकेशनमध्ये वेगळं वाचावं लागतं. नामांकित कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा, ५५० वॅटचा घे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस फुकट दिला तरी लावू नकोस. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते-येते, तेव्हा यूपीएस लागेलच. तिथेही व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सहसा ३६० वॅटच्या आसपास भार घेतो. गेम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता तो पुरेल.

कॅबिनेटबद्दल एवढंच : पुढची बाजू जाळीची हवी. पुढे बंद काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट मे महिन्यात तुझ्या खोलीत भट्टीसारखी तापेल. समोरून हवा आत, मागून बाहेर, आणि समोरची धूळजाळी निघणारी असू दे. ठाणे-बेलापूर रोडच्या आसपास राहतोस, ती वरचेवर धुवावी लागणार आहे.

जुने पार्ट घेण्याला माझा विरोध नाही. प्रोसेसर आणि रॅम सहसा बिघडत नाहीत, सध्याच्या भावात जुनी डीडीआर४ बिनधास्त घे, फक्त रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवून बघ. कार्ड जुनं घ्यायचं तर बिल आणि उरलेली वॉरंटी हवी, आणि समोर गेम चालवून दाखवायला सांग. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर ने, बायोस बदलून नाव पालटलेलं कार्ड ते बऱ्याचदा ओळखतं. एसएमपीएस मात्र कधीही जुना घ्यायचा नाही.

खरेदी कुठून? आधी दोन-तीन ऑनलाइन दुकानांतले भाव लिहून काढ, मग ठाणे स्टेशनबाहेर किंवा वाशीत विचार, आणि फरक मोठा असेल तरच लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा. घणसोलीहून ठाणे, तिथून दादर, मग वेस्टर्नची स्लो धरून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नकोस, बरीच दुकानं बंद असतात. सकाळी दुकानं उघडली की लगेच पोच म्हणजे संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत परतशील. दुकानातच जोडून घेतलंस तर निघताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात घाल. धक्क्यांनी बोर्डवरचा स्लॉट तुटतो.

'बिल नको असेल तर कमी करतो' असं कुणीतरी म्हणेलच. या सामानावर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा वाचणारी रक्कम खरोखर मोठी वाटते. तरीही पक्कं बिल घे. प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल नाव आणि सीरियल नंबर त्यावर हवेत, आणि ते खोक्यावरच्या नंबरांशी तिथेच जुळवून बघ. ग्राफिक्स कार्डाची तीन वर्षं आणि एसएमपीएसची पाच वर्षं याच कागदाच्या जोरावर असतात. आईबाबांपैकी कुणी बरोबर येणार असेल तर हे काम त्यांना दे. दुकानदार मोठ्या माणसासमोर जास्त नीट वागतो हा माझा अनुभव आहे.

घरी आल्यावर तीन गोष्टी बघ, कारण त्या बसवून देणारे बहुतेकदा करत नाहीत. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात लाव, वरच्या बाजूच्या बोर्डाच्या पोर्टात नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रेंगाळत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते तो आकडा) स्वतः १४४ किंवा १६५ वर ने. नवा मॉनिटर पुष्कळदा ६० वरच चालू होतो आणि कित्येक मुलं महिनोन्महिने तसंच खेळत असतात.

दुकानदाराकडून पूर्ण नावांचं कोटेशन आलं की इथे टाक. कार्ड आणि एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटोही जोड, मी रात्री बघून सांगते.