प्रश्न पात्राचा, उत्तर पाहुण्याचं

अनेक आशीर्वाद.

जुन्या कादंबऱ्यांतली पात्रं सूत्रसंचालक होऊन आजच्या पाहुण्यांशी बोलतील, अशा तुझ्या श्राव्य मालिकेचा आराखडा आणि पहिल्या भागाची संहिता, दोन्ही वाचलं. श्याम पालकत्वावर बोलणार, ‘पण लक्षात कोण घेतो’ची यमू विधवा प्रथांवर, बनगरवाडीचे मास्तर शाळांवर. पात्रं मनापासून निवडली आहेस. सोबतच्या चार ओळींत मात्र विचारतोस, ‘सगळं आहे, तरी श्याम जिवंत वाटत नाही. भाषा जुनी करू की नवी?’

भाषेचा काही संबंध नाही. तू श्यामच्या हाती उत्तरं दिलीस. सूत्रसंचालकाला उत्तरं दिली की तो संपला. त्याला प्रश्न दे. तोही असा, की कादंबरीभर त्याच्या पोटात राहिला आणि विचारायला कोणी भेटलं नाही.

मुळात श्यामला या कामाला बसवू नकोस. ‘श्यामची आई’मध्ये तो आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. आई कशी होती, तिनं काय शिकवलं, हे त्याच्यापुरतं ठरलेलं आहे. त्याच्यासमोर माइक ठेवलास तर तो प्रवचन करणार, आणि तुझ्या संहितेत तो तेच करतो. प्रश्न उरलेत ते आईचे. घर कर्जात बुडालेलं, सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलून जातो. कर्ज पुरुषांच्या व्यवहारातलं, अपमान तिच्या वाट्याचा. हे पुस्तक १९३५ चं. आज गावोगाव बचत गटांतल्या, सूक्ष्म कर्जाच्या हप्त्यांत अडकलेल्या बायकांशी बोलायला तिच्याइतकं योग्य कोण आहे?

कादंबरी पुन्हा वाच, या वेळी वही घेऊन. पानावर तीन रकाने आख. तिनं डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यात, तिच्या कानावर आलं ते दुसऱ्यात, तिला कधीच कळलं नाही ते तिसऱ्यात. पहिल्या दोन रकान्यांतून तिचे शब्द आणि उदाहरणं मिळतील. प्रश्न फक्त तिसऱ्यातून घ्यायचे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पात्र चुकलं असं समज आणि दुसरं शोध.

आता प्रत्यक्ष भाग. वीस मिनिटं, सावकाश बोलण्याचे मिनिटाला साधारण १२० शब्द, म्हणजे २,४०० शब्दांची जागा. आईच्या वाट्याला त्यातले ५०० पुरे. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम तिच्या तोंडी घालशील तर सगळं बिघडेल. ते तिला कुठून ठाऊक असणार? तिनं एवढंच विचारावं : ‘दिवेलागणीला माणूस दारात आला, तर त्याला जा म्हणता येतं का?’ मग पाहुण्यानं सांगावं की सूक्ष्म कर्ज म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुली आधी ठरलेल्या जागी व्हायची. लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आली नाही तरच घरी यायचं. सतत फोन करणं, किंवा सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणं, हा जाच धरला जातो.

पाहुणा हे सगळं कचेरीच्या भाषेत सांगेल. सांगू दे. आईला कळणार नाही आणि ती पुन्हा विचारेल, ‘म्हणजे मी दार लावून घेतलं तर चालेल?’ ऐकणाऱ्या बाईलाही नेमकं हेच विचारायचं असतं. पात्राला माहीत नसणं हीच तुझ्याकडची खरी पुंजी आहे, आणि तू ती पहिल्याच पानावर उधळलीस! तिसरा प्रश्न आणखी अवघड ठेव : ‘पैसा त्यांनी नेला, मग सही माझी कशी?’ प्रश्नानंतरची दोन सेकंदांची शांतता संपादनात कापायची नाही. ‘इश्श’, ‘अगंबाई’ पेरायचं नाही. मागे सनईही नको.

यमूचंही हेच. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती तेव्हा, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला, म्हणजे मुलींच्या शरीरसंबंधाला संमतीचं किमान वय वाढवणारा. तू यमूला तो कायदा समजावून सांगायला लावलंस. का? नवरा गेल्यावर सासरच्या घरात तिचं जबरदस्तीनं केशवपन झालं, आणि ते करवून घेणारे शंकरमामंजी घरातलेच होते. तिचा प्रश्न तिथे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. यमूनं गावच्या लोकांना विचारावं : ‘त्या दिवशी घरातलाच वडीलधारा हात धरायला पुढे आला, तर ठरावाचा कागद घेऊन दारात कोण उभं राहतं?’ बस. भाग याच प्रश्नावर उभा राहील.

विधवा पाहुण्या बोलवशील तेव्हा त्यांना तो दिवस पुन्हा सांगायला लावू नकोस. जमिनीची वारस नोंद झाली का, तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी दिली का, संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले का, हे विचार. उत्पन्नाची २१,००० रुपयांची वार्षिक मर्यादा कुठे आडवी आली, तेही विचार. संमती लेखी घे, आणि प्रसारणाच्या आदल्या दिवसापर्यंत ती मागे घेता येईल असं त्यात लिही.

मास्तरांना मात्र थांबव. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, आपटे १९१९ मध्ये. स्वामित्वहक्काची मृत्यूनंतरची साठ वर्षं उलटली, ती पुस्तकं मोकळी आहेत. ‘बनगरवाडी’चे व्यंकटेश माडगूळकर २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत हक्क वारसांकडे. लेखी परवानगी मिळेपर्यंत एक ओळही ध्वनिमुद्रित करू नकोस. मिळाली, तर मेंढरांमागे रान धरणाऱ्या धनगरांच्या पोरांचा विषय घे. जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून आता स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं. मास्तर विचारतील, ‘पोर माघारी आलं की पटावर त्याचं नाव असतं का?’

माझ्या या हट्टाला लोक कंटाळतात. पात्रं थोडी बोलली तर काय बिघडतं, म्हणतात. बिघडतं. इतकी वर्षं आपण या माणसांना धड्यांत आणि जयंतीच्या भाषणांत कोंडलं, त्यांच्या तोंडी आपली मतं घातली, याची मला खंत आहे. यमूनं आपली गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. तिच्याकडून आपलं भाषण वदवून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? म्हणून पुन्हा सांगतो, प्रश्न पात्राचा, उत्तर पाहुण्याचं. याबाबतीत मी तडजोड करणार नाही आणि तूही करू नयेस.

श्यामची संहिता बाजूला ठेव, फाडू नकोस. त्यातली कोकणातल्या घराची वर्णनं आईच्या पहिल्या रकान्यात उपयोगी पडतील. मला आता संहिता नको. वहीचं ते तीन रकान्यांचं पान आणि आईचे तीन प्रश्न एवढंच पाठव.